जी-प्रोटीनची साखळी पहिल्यांदा शिकताना

हाताच्या स्नायूवर असिटिलकोलीन पडलं की स्नायू आकुंचन पावतो. तेच असिटिलकोलीन हृदयावर पडलं की ठोके मंदावतात. रेणू तोच, त्यात एका अणूचाही फरक नाही. फरक आहे तो त्याला धरणाऱ्या रिसेप्टरमध्ये, आणि त्या रिसेप्टरला पेशीच्या आतून काय जोडलेलं आहे त्यात. मेंदूचं रसायनशास्त्र शिकायला बसताना एवढी एक गोष्ट मनाशी पक्की केली, तर पुढचा बराचसा घोळ टळतो. ‘डोपामिन म्हणजे आनंद’, ‘सेरोटोनिन म्हणजे समाधान’ असली वाक्यं इतकी फिरतात की चांगले विद्यार्थीही रसायनाच्या नावावरून परिणाम सांगायला लागतात. तसा तो सांगता येत नाही. रिसेप्टर कोणता आणि त्याला आतून जोडलेलं जी-प्रोटीन कोणतं, हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

हा लेख फार्मसी, वैद्यकीय, नर्सिंग किंवा जीवशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्षांत असलेल्यांसाठी आहे. बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल तर पुरे. एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं मात्र हाताशी हवीत. हा विषय वाचून समजल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. स्वतःच्या हातानं काढला की टिकतो.

कष्ट घेण्यासारखा विषय आहे का? माणसाच्या जनुकसंचात जी-प्रोटीनला जोडलेल्या रिसेप्टरांची सुमारे ८०० जनुकं आहेत. त्यांतली जवळपास निम्मी एकट्या वास घेण्याच्या कामी लागलेली आहेत. आणि आज वापरात असलेल्या मान्यताप्राप्त औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं याच कुळातल्या कुठल्या ना कुठल्या रिसेप्टरवर काम करतात.

आधी रिसेप्टरची जात ओळखा

चेतापेशीवरचे रिसेप्टर ढोबळमानानं दोन जातींचे. पहिल्या जातीत रिसेप्टर हीच आयन वाहिनी असते. रेणू येऊन बसला की वाहिनी उघडते, सोडियम किंवा क्लोराइड आत येतं, आणि काही मिलिसेकंदांत काम संपतं. दुसऱ्या जातीत रिसेप्टरला स्वतःचं छिद्रच नसतं. तो बाहेर रेणू धरतो आणि आतल्या बाजूनं जी-प्रोटीनला हलवतो. पुढचं सगळं जी-प्रोटीन करतं. याला वेळ लागतो. परिणाम दिसायला दहापट, शंभरपट उशीर होतो आणि तो सेकंद, मिनिटं, कधी तासही टिकतो.

स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर पहिल्या जातीचा, हृदयावरचा मस्करिनिक दुसऱ्या जातीचा. ग्लुटामेट, गाबा आणि सेरोटोनिन यांना दोन्ही जातींचे रिसेप्टर आहेत. डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅडेनोसिन आणि अफूवर्गातली औषधं यांचं काम जी-प्रोटीनच्याच वाटेनं चालतं. सेरोटोनिनच्या सात कुळांपैकी फक्त ५-एचटी-३ हे वाहिनी आहे. ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटीवरचं औषध तिथे बसतं. बाकीची सहा कुळं जी-प्रोटीनची.

सात वळणं काढा

कागदावर दोन समांतर रेघा ओढा. हे पेशीपटल. आता बाहेरून सुरुवात करून एक दोरी पटलातून सात वेळा आरपार न्या. सुरुवातीचं टोक बाहेर राहील आणि शेवटचं टोक आत. विषम संख्येमुळे ते आपोआप होतं, त्यामुळे चित्र चुकलं की लगेच कळेल. प्रत्येक आरपार जाणारा भाग म्हणजे अल्फा-हेलिक्स, म्हणजे अमिनो आम्लांची पीळदार सळई.

डोपामिन, सेरोटोनिन यांसारखे छोटे रेणू या सात सळयांच्या मधल्या खोबणीत बसतात. ग्लुटामेट आणि गाबा यांच्या रिसेप्टरला बाहेर एक मोठा जबडा असतो, रेणू तिथे पकडला जातो. दोन्हींत रेणू आत जात नाही. हे परत परत सांगावं लागतं, कारण परीक्षेत ‘डोपामिन पेशीत शिरून सायक्लेज विकराला जागं करतं’ अशी उत्तरं नेमानं येतात. रेणू बाहेरच राहतो. आत जातो तो केवळ आकारातला बदल.

तो बदल केवढा? २०११ साली ब्रायन कोबिल्का यांच्या गटानं बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर जी-प्रोटीनला धरून बसलेला असतानाची रचना प्रसिद्ध केली. सहाव्या सळईचं आतलं टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम, म्हणजे १.४ नॅनोमीटर, बाहेरच्या बाजूला सरकलेलं त्यात दिसलं. त्या सरकण्यानं रिसेप्टरच्या तळाशी एक पोकळी तयार होते आणि जी-प्रोटीनच्या अल्फा भागाचं टोक तिच्यात घुसतं. ही जोडी इतकी अस्थिर की तिचे स्फटिक मिळवण्यासाठी लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या अगदी छोट्या प्रतिपिंडाचा आधार द्यावा लागला. कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफकोविट्झ यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कुळावरच्या कामासाठीच मिळालं. तुमच्या चित्रात सहावी सळई दुसऱ्या रंगानं काढा आणि तिच्या खालच्या टोकाला बाहेरच्या दिशेनं एक बाण द्या.

जीडीपी बाहेर, जीटीपी आत

या पायरीवर हवा तेवढा वेळ घालवा. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

जी-प्रोटीन तीन तुकड्यांचं असतं: अल्फा, बीटा, गॅमा. बीटा आणि गॅमा एकमेकांना कधी सोडत नाहीत, म्हणून त्यांना एकच समजा. अल्फाच्या पोटात एक जागा आहे. विश्रांतीच्या वेळी तिथे जीडीपी (दोन फॉस्फेट असलेला ग्वानोसिनचा रेणू; तीन फॉस्फेट असले की तो जीटीपी) घट्ट बसलेला असतो, आणि जीडीपी असेपर्यंत अल्फा बीटा-गॅमाला चिकटून राहतो. तिघंही पटलाच्या आतल्या बाजूला, मेदाच्या शेपटीनं अडकवलेले.

आता रिसेप्टर जागा झाला आणि त्यानं अल्फाला धरलं. तो नेमकं करतो काय? पुष्कळ जण लिहितात की रिसेप्टर जीडीपीला आणखी एक फॉस्फेट जोडतो आणि त्याचा जीटीपी होतो. हे साफ चूक आहे. रिसेप्टर फॉस्फेट जोडत नाही, ऊर्जाही देत नाही. तो अल्फाची ती जागा सैल करतो, बस. जागा सैल झाली की जीडीपी निसटतो. पेशीत जीटीपी हा जीडीपीपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे रिकाम्या जागेत जीटीपी येऊन बसतो. जुना रेणू गेला, नवा आला, एवढाच व्यवहार. जीटीपी बसताच अल्फाचा आकार बदलतो, त्याची बीटा-गॅमावरची पकड सुटते, रिसेप्टरवरचीही सुटते. आता निरोप नेणारे दोघं झाले: जीटीपी घेतलेला अल्फा, आणि मोकळं झालेलं बीटा-गॅमा. रिसेप्टरही मोकळा झाला. बाहेरचा रेणू अजून बसलेला असेल तर तो लगेच पुढच्या जी-प्रोटीनला धरतो. एका रेणूचा निरोप अनेक पटींनी वाढतो तो इथपासून.

जीटीपीची ही भूमिका सापडली त्याची हकिकत कळली की मुद्दा विसरला जात नाही. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृताची पटलं घेऊन ग्लुकागॉन या संप्रेरकावर काम करत होते. एटीपी घातलं की ग्लुकागॉनचं वागणं बदलत होतं, पण त्यासाठी एटीपी फार लागत होतं. संशय आला की बाटलीतल्या एटीपीत दुसरंच काहीतरी मिसळलेलं असावं. निघालं ते जीटीपी. ते अगदी थोडं घातलं तरी पुरत होतं. संप्रेरक आणि सायक्लेज विकर यांच्या मध्ये जीटीपी लागणारा तिसरा कुणीतरी आहे, हे १९७१ च्या सुमारास या कामातून पुढे आलं. तो तिसरा हाती लागला आल्फ्रेड गिलमन यांच्या गटाला. त्यांच्याकडे लिम्फोमाच्या अशा उत्परिवर्तित पेशी होत्या, ज्यांत रिसेप्टर ठीक असूनही सायक्लिक एएमपी (सायक्लेज बनवतं तो निरोप नेणारा रेणू) तयार होत नव्हतं. निरोगी पेशींतल्या पटलाचा अर्क मिसळला की काम पुन्हा सुरू व्हायचं. अर्कातलं ते प्रोटीन १९८० पर्यंत शुद्ध स्वरूपात वेगळं झालं. रॉडबेल आणि गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं.

कागदावर ही पायरी चार छोट्या चित्रांत काढा: (१) जीडीपीसह तिघं एकत्र; (२) रिसेप्टरला चिकटलेले, जागा रिकामी; (३) जीटीपी बसलेला; (४) दोन तुकडे वेगळे. दुसरं चित्र, रिकाम्या जागेचं, काढायला विसरू नका. तेच सगळ्यात महत्त्वाचं.

अल्फा कोणता ते शोधा

अल्फाचे प्रकार बरेच आहेत, माणसात त्यांची १६ जनुकं आहेत. सुरुवातीला तीन घराणी पुरतात. जी-एस अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला चालना देतो, सायक्लिक एएमपी वाढतं. जी-आय त्याच विकराला आवरतो, सायक्लिक एएमपी घटतं. जी-क्यू वेगळ्याच विकराला हाक देतो, फॉस्फोलायपेज सी-ला. चौथं घराणं जी-१२/१३ पेशीच्या सांगाड्याशी संबंधित आहे, ते नंतर बघा.

आता पाठ करायचं थोडं. डोपामिनचे डी-१ आणि डी-५ जी-एसकडे, डी-२, डी-३, डी-४ जी-आयकडे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे बीटा जी-एस, अल्फा-१ जी-क्यू, अल्फा-२ जी-आय. मस्करिनिकमध्ये विषम आकडे, एम-१, एम-३, एम-५, जी-क्यू आणि सम आकडे, एम-२, एम-४, जी-आय. हिस्टामिनचा एच-१ जी-क्यू, एच-२ जी-एस, एच-३ जी-आय. गाबा-बी आणि अफूवर्गाचे सगळे मुख्य रिसेप्टर जी-आय. ग्लुटामेटच्या जी-प्रोटीनवाल्या आठांपैकी पहिला आणि पाचवा जी-क्यू, उरलेले सहा जी-आय.

सर्दीची जुनी गोळी घेतल्यावर झोप का येते, याचं उत्तर या यादीत आहे. क्लोरफेनिरामिन मेंदूत पोचतं आणि जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनची एच-१ वरची जागा अडवतं.

रिसेप्टर एकाच घराण्याशी एकनिष्ठ असतो असं मात्र समजू नका. पेशी बदलली, रेणू बदलला, की काही रिसेप्टर दुसऱ्या घराण्याशीही जुळतात. यादी ही सुरुवात आहे.

आतले दूत

सायक्लिक एएमपीची वाट सरळ आहे. ते प्रोटीन कायनेज ए या विकराच्या आवरून धरणाऱ्या भागावर बसतं, काम करणारा भाग मोकळा होतो, आणि तो इतर प्रोटीनांवर फॉस्फेट लावत सुटतो. वाहिनीवर लावलं तर परिणाम सेकंदा-मिनिटांचा. केंद्रकात जाऊन क्रेब या प्रोटीनवर लावलं तर जनुकं चालू होतात आणि परिणाम दिवसांवर जातो. एरिक कँडेल यांनी अप्लिसिया या समुद्री गोगलगायीत हे दोन्ही दाखवलं. शेपटीला झटका दिला की सेरोटोनिन सुटतं, संवेदी चेतापेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, पोटॅशिअमच्या वाहिन्या मिटतात आणि पुढच्या स्पर्शाला कल्ला जास्त जोरानं आत ओढला जातो. झटके पुन्हा पुन्हा दिले की क्रेबची वाट चालू होते, नवे सायनॅप्स फुटतात, आणि ती आठवण टिकते. एकच दूत, पण तो किती वेळ आत राहिला यावर क्षणिक बदल की कायमचा, हे ठरतं.

जी-क्यूच्या वाटेवर फॉस्फोलायपेज सी पटलातल्या पीआयपी-२ या मेदाचे दोन तुकडे करतो. आयपी-३ पाण्यात विरघळणारा, तो आत जाऊन साठ्यातलं कॅल्शिअम बाहेर काढतो. डॅग पटलातच राहतो आणि प्रोटीन कायनेज सी-ला जागं करतो. पुस्तकं बहुधा इथे थांबतात. थोडं पुढे जाऊ. डॅगपासून चेतापेशी २-एजी नावाचा रेणू बनवते. तो पेशीबाहेर पडून उलट्या दिशेनं, निरोप पाठवणाऱ्या टोकाकडे जातो आणि तिथल्या सीबी-१ रिसेप्टरवर बसतो. गांजातला टीएचसी बसतो तोच हा रिसेप्टर. सीबी-१ जी-आयवाला, तो पाठवणाऱ्याचा हात आखडतो. म्हणजे एका पेशीतल्या जी-क्यूनं शेजारच्या पेशीतला जी-आय चालू केला. मेंदूत साखळ्या अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि मला तरी या विषयातलं सगळ्यात सुंदर असं हेच वाटतं.

बीटा-गॅमाला मागे ठेवू नका

बरीच वर्षं समज असा होता की काम अल्फा करतो आणि बीटा-गॅमा नुसतं त्याला धरून ठेवतं. हा समज मोडला तो हृदयावर. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवून दिलं होतं की मज्जातंतू रसायन सोडून ठोके मंदावतो. ते रसायन असिटिलकोलीन. पण एम-२ रिसेप्टरवर ते बसल्यावर पोटॅशिअमची वाहिनी उघडते कशी? १९८७ साली दिसलं की शुद्ध बीटा-गॅमा पटलाच्या आतल्या बाजूला लावलं तर वाहिनी उघडते. यावर काही वर्षं मोठा वाद झाला, शेवटी बीटा-गॅमाचीच बाजू खरी ठरली. या वाहिनीला गर्क म्हणतात. दूत नाही, कायनेज नाही, बीटा-गॅमा थेट वाहिनीला जाऊन चिकटतं. म्हणूनच हा परिणाम जी-प्रोटीनच्या मानानं चपळ असतो.

मेंदूतही हेच चालतं. गर्क उघडली की पोटॅशिअम बाहेर जातं, पेशीचा आतला भाग आणखी ऋण होतो, पेशी शांत होते. दुसरीकडे, चेतातंतूच्या टोकावर बीटा-गॅमा एन-प्रकारच्या कॅल्शिअम वाहिनीला आवरतं. कॅल्शिअम आलं नाही की रसायनाच्या पिशव्या फुटत नाहीत. जी-आय म्हटलं की नुसतं ‘सायक्लिक एएमपी कमी’ असं लिहून थांबणाऱ्यांचं अर्धं उत्तर राहून जातं, आणि मेंदूच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचं अर्धं असतं.

एक वाट शेवटपर्यंत चाला: मॉर्फिन

आतापर्यंतची चित्रं जोडून एक पूर्ण वाट काढू. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मॉर्फिन दिलं. ते मेंदूत आणि मज्जारज्जूत पोचतं. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, जिथे वेदना आणणारे तंतू पुढच्या चेतापेशीला निरोप देतात, तिथे म्यू रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिन ज्यावर बसतं तो अफूवर्गाचा रिसेप्टर, दोन्ही बाजूंना आहेत.

वेदना आणणाऱ्या टोकावर: म्यू, जी-आय, बीटा-गॅमा सुटलं, कॅल्शिअम वाहिनी आवरली, ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप देणारी रसायनं कमी सुटली. पुढच्या पेशीवर: म्यू, जी-आय, बीटा-गॅमा, गर्क उघडली, पेशी पेटायला तयार नाही. म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज खाली आणि ऐकणाऱ्याचे कानही झाकलेले. मॉर्फिनचा जोर या दुहेरी पकडीत आहे. कॅल्शिअम वाहिनी किती कळीची आहे त्याचा पुरावा वेगळ्याच ठिकाणाहून मिळतो. कोनस जातीच्या समुद्री शंखाच्या विषातून आलेलं झिकोनोटाइड हे औषध कुठल्याही जी-प्रोटीनला न शिवता हीच वाहिनी थेट बंद करतं, आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडलं तर तीव्र वेदना कमी करतं.

श्वास चालवणाऱ्या मेंदूस्तंभातल्या पेशींवरही म्यू आहेत. मात्रा वाढली की तिथेही हेच घडतं आणि श्वास मंदावतो. नॅलोक्सोन म्यूवर बसतं पण सहावी सळई हलवत नाही. ते मॉर्फिनला जागेवरून हटवतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटंच टिकतो. मॉर्फिन त्याहून जास्त वेळ शरीरात राहू शकतं. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाकडे पाठ फिरवायची नसते.

बंद कसं होतं, हे दर वेळी विचारा

चालू होण्याची वाट सगळे शिकतात, बंद होण्याची सोडून देतात. पुष्कळ आजार आणि पुष्कळ औषधं मात्र तिथेच भेटतात.

अल्फा स्वतःच जीटीपीचा एक फॉस्फेट तोडतो आणि जीडीपीवर परत येतो. एकटा असेल तर त्याला दहा-पंधरा सेकंद किंवा जास्त लागतात. आरजीएस नावाची प्रोटीनं हे काम कितीतरी पटींनी वेगात उरकायला लावतात. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी प्रकाशाचा निरोप सेकंदाच्याही आत संपवतात त्या आरजीएस-९ मुळे. ज्यांच्यात त्याचं जनुक बिघडलेलं असतं त्यांना अंधारातून उन्हात आल्यावर डोळे जुळवून घेणं जड जातं, हलणाऱ्या वस्तू नीट दिसत नाहीत. निरोप पोचतोय, पण वेळेवर पुसला जात नाही.

सायक्लिक एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज विकरं मोडतात. आणि रिसेप्टर फार वेळ जागा राहिला तर जीआरके विकर त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, अरेस्टिन येऊन तिथे बसतं, जी-प्रोटीनला जागा उरत नाही, आणि पुष्कळदा रिसेप्टरच पेशीच्या आत ओढला जातो.

बंद करण्याची कळ मोडली तर काय होतं ते कॉलऱ्यात दिसतं. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर दाखवलं की जंतू गाळून काढलेला द्रवही आतड्यात पाणी भरवतो, म्हणजे जंतू विष सोडतो. ते विष जी-एसच्या अल्फाला असं बदलून टाकतं की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. सायक्लिक एएमपी वाढतच राहतं, क्लोराइड आणि मागोमाग पाणी आतड्यात ओतलं जातं. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष उलट टोकाला घाव घालतं: जी-आयला ते रिसेप्टरपासूनच तोडतं.

शोधनिबंधातली वाक्यं वाचायला शिका

‘हा परिणाम पर्टुसिस टॉक्सिननं (म्हणजे डांग्या खोकल्याच्या त्याच विषानं) नाहीसा झाला’ असं वाचलं तर अर्थ: वाट जी-आय घराण्याची आहे. जीटीपी-गॅमा-एस म्हणजे एका ऑक्सिजनच्या जागी गंधक घातलेला जीटीपी. तो सहजासहजी तुटत नाही, म्हणून अल्फा चालूच राहतो. किरणोत्सारी गंधक वापरलं तर किती अल्फा जागे झाले ते मोजता येतं.

फोर्सकोलिन सायक्लेजला थेट चालना देतं, रिसेप्टरची गरजच ठेवत नाही. कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून ते १९७० च्या दशकात मुंबईत, हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात, रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्याचा शोध घेताना वेगळं झालं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनंही ते स्वतंत्रपणे काढून त्याला कोलिओनॉल नाव दिलं होतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये त्याची कुपी असते. जी-आयचा प्रयोग करताना ते हमखास लागतं. विश्रांतीत सायक्लिक एएमपी आधीच इतकं कमी असतं की ते आणखी घटलेलं मोजता येत नाही. म्हणून आधी फोर्सकोलिननं पातळी चढवायची, मग तपासायचं औषध घालून ती किती उतरते ते बघायचं. नव्यानं प्रयोग करणारे ही पायरी गाळतात आणि ‘औषधाचा परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतात.

सराव

पहिला सराव सकाळच्या चहाचा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं. त्याचे ए-१ रिसेप्टर जी-आयचे, मेंदूभर पसरलेले. ए-२ए जी-एसचे, मुख्यतः स्ट्रायटम या भागात. कॅफीन दोन्हींवर बसतं आणि दोन्ही गप्प ठेवतं. आता स्वतः काढा: ए-१ वरचा जी-आय चालू झाला नाही तर गर्कचं काय होईल, कॅल्शिअम वाहिनीचं काय होईल? जुन्या नोट्समध्ये कॅफीन फॉस्फोडायएस्टरेज अडवतं असं लिहिलेलं सापडेल. ते अडवतं, पण त्यासाठी चहा-कॉफीतून मिळते त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. स्ट्रायटममधल्या ज्या पेशींवर ए-२ए आहे त्यांच्यावरच डोपामिनचा डी-२ आहे. एक सायक्लेजला वर खेचतो, दुसरा खाली. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं, म्हणून ए-२ए अडवणारं इस्ट्राडेफिलिन तिथे पूरक औषध म्हणून वापरतात. ते का उपयोगी पडत असेल ते दोन बाणांत दाखवता आलं पाहिजे.

दुसरा सराव थोडा अवघड. मेंदूस्तंभातल्या लोकस सेरुलियस या गाठीतल्या पेशींवर म्यू आणि अल्फा-२ हे दोन्ही रिसेप्टर आहेत. दोन्ही जी-आयचे, दोन्ही त्याच गर्क वाहिन्या उघडतात. मॉर्फिन बराच काळ चालू राहिलं की पेशी दबलेल्या सायक्लेजची भरपाई करते, सायक्लिक एएमपीची यंत्रणा वाढवून ठेवते. मॉर्फिन एकदम थांबलं की वरचा दाब निघतो आणि वाढवलेली यंत्रणा उसळते. पेशी जोरजोरात पेटतात, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो. घाम, अस्वस्थता, धडधड सुरू होते. अशा वेळी डॉक्टर क्लोनिडीन देतात. ते अफूवर्गातलं नाही, म्यूला शिवतही नाही, तरी ही लक्षणं उतरतात. व्यसनाची ओढ मात्र त्यानं जात नाही. एकच पेशी काढा, तिच्यावर दोन रिसेप्टर, खाली एकच जी-आय, एकच सायक्लेज, एकच गर्क. क्लोनिडीनचा बाण कुठून आत येतो आणि कुठे मिळतो ते त्या चित्रात दाखवा. मग २०१८ साली अमेरिकेत याच कामासाठी मान्यता मिळालेलं लोफेक्सिडीन कोणत्या रिसेप्टरवर बसत असेल, ते पुस्तक न उघडता सांगून पाहा.